रोजच्या वापराची क्रोशाची खांदापिशवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोशाची पिशवी विणायला घेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते: पिशवी वजन वाहते, आणि क्रोशाची वीण वजनाने ताणली जाते. शाल किंवा रुमाल विणताना जो सैलपणा शोभून दिसतो, तोच पिशवीत दोष ठरतो. म्हणून दोरा, सुई, टाका, पट्टा आणि अस्तर यांचा निर्णय येथे प्रत्येक वेळी वजनाच्या बाजूने घेतला आहे. हिशेब समजावा म्हणून सर्वत्र एकच उदाहरण धरले आहे: सपाट ठेवल्यावर सुमारे ३४ सेमी रुंद, ३२ सेमी उंच, आणि ३० × ७ सेमी लांबट गोल तळाची पिशवी.

१. मी क्रोशा नुकताच शिकले आहे. पिशवी विणण्यासाठी कोणकोणते टाके यायला हवेत?

साखळी, मुका खांब आणि स्लिप स्टिच एवढे तीन पुरेत. सुई टाक्यात घालून दोरा ओढून घेतला की सुईवर दोन फास होतात; पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढला की मुका खांब पूर्ण होतो. सुई टाक्यात न घालता सुईवरच्या फासातून नुसता दोरा ओढत गेले की साखळी होते, आणि टाक्यातून ओढलेला दोरा थेट सुईवरच्या फासातूनही काढला की स्लिप स्टिच. सुईवर आधी वेढा घेऊन घालतात तो खांब उंच असतो आणि काम भराभर वाढवतो, पण दोन खांबांमध्ये फट राहते व त्या फटीतून किल्ली सहज डोकावते. मुका खांब बुटका आणि दाट असल्यामुळे रोजच्या पिशवीसाठी तोच घ्यावा. याखेरीज एका टाक्यात दोन टाके घालून घेर वाढवणे जमले पाहिजे, आणि टाके न चुकता मोजता आले पाहिजेत. या दुसऱ्या गोष्टीचा कंटाळा करणाऱ्यांसाठी प्रश्न ८ आहे.

२. इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिले होते, म्हणून खांब घातले आणि पिशवी भलतीच उंच झाली. माझे काय चुकले?

बहुधा काहीच नाही. नमुना ब्रिटिश पद्धतीने लिहिलेला असावा. अमेरिकी पद्धतीत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात तो आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आपला साधा खांब अमेरिकी पद्धतीत ‘डबल’, तर ब्रिटिश पद्धतीत ‘ट्रेबल’ असतो. नमुन्यात कोठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला असेल तर तो अमेरिकी समजावा, कारण ब्रिटिश नावांत ‘सिंगल’ वापरत नाहीत. सुयांच्या क्रमांकांतही असाच गोंधळ आहे, त्यामुळे क्रमांक किंवा अक्षर न पाहता सुईवर कोरलेला मिलिमीटरचा आकडाच खरा मानावा.

३. पिशवीसाठी कोणता दोरा सर्वांत चांगला?

पहिल्या पिशवीसाठी मध्यम जाडीचा, घट्ट पिळाचा सुती दोरा घ्यावा. सुताला स्वतःची लवचिकता फारशी नसते, त्याचे टाके स्वच्छ दिसतात, आणि ओले झाल्यावर सुती तंतू कमजोर न होता उलट अधिक मजबूत होतो, त्यामुळे धुण्याची भीती राहत नाही. मर्सराइज्ड सूत मिळाल्यास उत्तम. जॉन मर्सर यांनी १९व्या शतकात शोधलेल्या या प्रक्रियेत सुतावर कॉस्टिक सोड्याचे संस्करण होते, त्याने चकाकी येते, ताकद वाढते आणि रंग अधिक चांगला धरला जातो. सुताचा तोटा म्हणजे वजन: रिकामी पिशवीही हाताला जाणवते.

ॲक्रिलिक हलके असते आणि त्यात रंग पुष्कळ मिळतात, पण ते ताणले जाते आणि कपड्याला घासून त्यावर गोळे येतात. ते घरात असल्यामुळेच वापरायचे असेल तर दोन पदरी विणावे आणि अस्तर लावावेच. पॉलिस्टरची विणलेली दोरी ओझे उत्तम पेलते, पाणी शोषत नाही आणि पिशवीचा आकार टिकवते. मात्र ती बोटांना टोचते आणि तिची कापलेली टोके उसवतात, म्हणून ती आचेवर जपून वितळवून बंद करावी लागतात. टी-शर्टच्या पट्ट्यांचा दोरा दिसायला भरदार असतो, पण तो स्वतःच ताणणारा आणि जड असल्याने खांद्यावरच्या पिशवीपेक्षा घरातल्या टोपलीला शोभतो. तागाची दोरी मजबूत असली तरी तिचे केस उडतात आणि खांदा खाजतो. बांबूच्या दोऱ्याविषयी बरेच जण विचारतात. तो बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यापासून रासायनिक रीतीने केलेला तंतू असतो, हाताला रेशमासारखा लागतो, पण लोंबतो आणि ओला झाल्यावर कमजोर होतो, त्यामुळे पिशवीसाठी मी तो कधीच सुचवत नाही.

४. सुई किती मिलिमीटरची घ्यावी? दोऱ्याच्या वेष्टनावर ५ लिहिले आहे.

मग ४ किंवा ४.५ घ्यावी. वेष्टनावरचे माप कपड्यासाठी, म्हणजे अंगावर झुळझुळीत पडणाऱ्या विणीसाठी असते. पिशवीची वीण ताठ हवी, म्हणून सुई अर्धा ते एक मिलिमीटर बारीक घ्यावी. विणलेला तुकडा उजेडासमोर धरल्यावर टाक्यांमधून उजेडाचे ठिपके फारच थोडे दिसले पाहिजेत. मात्र प्रत्येक टाक्यात सुई घुसवताना जोर लागत असेल, तर आपण मर्यादा ओलांडली आहे. तसेच विणत राहिल्यास मनगट दुखावते. हाताने मुळातच घट्ट विणणाऱ्यांनी वेष्टनावरचीच सुई वापरून पाहावी.

५. एकूण दोरा किती लागेल? दर वेळी शेवटी कमी पडतो.

नमुन्यात दिलेल्या वजनावर विसंबू नये, कारण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. ज्या दोऱ्याने आणि सुईने पिशवी विणायची, त्यानेच १० × १० सेमीचा तुकडा विणावा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करावे. समजा तो ८ ग्रॅम भरला. आपल्या पिशवीच्या दोन बाजू २१७६ चौ. सेमी, तळ सुमारे २०० आणि १०० × ४ सेमीचा पट्टा ४००, अशी बेरीज सुमारे २७८० चौ. सेमी होते, म्हणजे तसे २७.८ तुकडे आणि सुमारे २२२ ग्रॅम दोरा. टोके, चुका आणि काठ यांसाठी १५ टक्के अधिक धरल्यास २५५ ग्रॅम होतात. ५० ग्रॅमचे गुंडे असतील तर सहा घ्यावेत, आणि सर्वांवरचा रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे ना हे पाहावे. वेगळ्या लॉटमधला फरक गुंड्यावर दिसत नाही, विणल्यावर मात्र पट्ट्यासारखा उठून दिसतो.

हाच तुकडा टाके मोजण्यासाठीही लागतो. पुढील उत्तरांत १० सेमीमध्ये १६ टाके आणि १८ ओळी धरल्या आहेत. आपले माप वेगळे आले तर आकडे त्या प्रमाणात बदलावेत. नमुन्याचा तुकडा टाळून वाचणारा अर्धा तास पुढे उसवण्यात कित्येक पटींनी जातो.

६. लांबट गोल तळ कसा विणायचा?

४० साखळ्या घालाव्यात. सुईजवळची पहिली साखळी सोडून पुढच्या ३८ साखळ्यांत एकेक मुका खांब घालावा आणि अगदी शेवटच्या साखळीत तीन घालावेत. काम उलटे न करता तसेच फिरवून साखळीच्या दुसऱ्या कडेने ३७ मुके खांब घालावेत, आणि जेथून सुरुवात झाली त्या साखळीत आणखी दोन घालावेत. पहिल्या फेरीत ८० टाके होतात.

दुसऱ्या फेरीपासून दोन्ही टोकांच्या वळणावर प्रत्येकी तीन, म्हणजे फेरीला सहा टाके वाढवावेत. सरळ बाजूंवर वाढ करू नये. टाके अनुक्रमे ८६, ९२, ९८, १०४ आणि ११० होतील. सहाव्या फेरीअखेर तळ सुमारे ३० × ७ सेमी आणि त्याचा घेर सुमारे ६९ सेमी होतो. वाढीचे टाके दर फेरीत थेट एकावर एक आल्यास वळणाला कोपरे फुटतात, म्हणून ते एखाद-दुसऱ्या टाक्याने मागेपुढे करावेत.

पुढे वाढ पूर्ण थांबवून ११० टाक्यांवरच विणत राहिले की भिंत उभी राहते. तळ आणि भिंत यांच्यामध्ये स्पष्ट कड हवी असेल तर भिंतीची पहिली फेरी टाक्यांच्या माथ्यावरच्या दोन कड्यांपैकी फक्त मागच्या कडीत विणावी. १० सेमीला १८ ओळी या हिशेबाने ३२ सेमी उंचीला सुमारे ५८ फेऱ्या लागतात.

७. माझा तळ सपाट राहत नाही. एकदा वाटीसारखा झाला, तर एकदा झालरीसारखा.

वाटीसारखा झाला तर वाढीचे टाके कमी पडले, आणि झालर आली तर ते जास्त झाले. अर्थात पहिल्या दोन फेऱ्यांत तळ थोडा वाकडा दिसतोच, तेवढ्यावरून उसवू नये. चौथ्या फेरीनंतर टेबलावर ठेवून पाहावे. टाके बरोबर असूनही वाटी होत असेल तर हात घट्ट आहे, सुई अर्धा मिलिमीटर जाड घ्यावी. सुरुवातीची साखळी आवळून घातली असेल तर तळ मधोमध नावेसारखा उचलला जातो. हा दोष नंतर कशानेही जात नाही, त्यामुळे साखळी एक माप जाड सुईने घालणे हाच उपाय.

८. पिशवी वर जाता जाता अरुंद होत गेली आहे. टाके कमी केलेच नव्हते, तरी असे का होते?

फेरी स्लिप स्टिचने जोडणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. जोडाचा स्लिप स्टिच कधी टाका समजून मोजला जातो, तर कधी त्याच्या लगतचा खरा पहिला टाका सुटतो. पहिल्या प्रकारात पिशवी रुंदावते, दुसऱ्यात आक्रसते. फेरीचा पहिला मुका खांब घालताच त्याच्या डोक्यावर सेफ्टी पिन अडकवावी आणि फेरीअखेर त्याच टाक्यात जोड घ्यावा. पहिल्या दहा फेऱ्या प्रत्येक वेळी, आणि नंतर दर पाचव्या फेरीला, टाके मोजून ११० आहेत याची खात्री करावी. टाके पूर्ण ११० असूनही पिशवी अरुंद होत असेल, तर हात घट्ट होत चालला आहे. दूरचित्रवाणीवर चालू असलेल्या प्रसंगाचाही हातावर परिणाम होतो हे मी स्वतःच्या एका पिशवीवर मोजून पाहिले आहे.

९. प्रत्येक फेरी जोडावी, की न जोडता गोलगोल विणत राहावे?

न जोडता विणल्यास जोडाची रेघ दिसत नाही आणि काम भरभर होते, म्हणून एकरंगी पिशवीसाठी मी तेच पसंत करते. रंगांचे पट्टे घ्यायचे असतील तर फेरी जोडावी, नाहीतर रंग बदलतो तेथे पायरी दिसते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सतत एकाच बाजूने विणलेले मुके खांब बरोबर एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत. ते दर फेरीला किंचित सरकतात आणि ५८ फेऱ्यांत हे सरकणे चांगलेच साठते. त्यामुळे तळाशी केलेल्या बाजूच्या खुणा वर पट्ट्यासाठी उपयोगी पडत नाहीत (प्रश्न १३ पाहावा). सरकणे अजिबात नको असेल तर प्रत्येक फेरी जोडून काम उलटवावे आणि पुढची फेरी उलट दिशेने विणावी. दोरा सुईवरून न घेता सुईच्या खालून ओढल्यास टाका फुलीसारखा, अधिक घट्ट होतो आणि कमी सरकतो. सवय व्हायला मात्र वेळ लागतो.

१०. जाळीची किंवा चौकोन जोडून केलेली पिशवी रोज वापरता येईल का?

येईल, पण तिच्यात अस्तर ही सजावट न राहता मुख्य पिशवी होते आणि क्रोशा तिच्यावरचा नक्षीदार अंगरखा. ‘ग्रॅनी स्क्वेअर’ची, म्हणजे रंगीत चौकोनांची, पिशवी बहुधा चौकोनात फाटत नाही, तर जोडावर उसवते. म्हणून चौकोन सुईदोऱ्याने वरवर न शिवता दोन्हींच्या कडा एकत्र धरून मुक्या खांबांनी जोडावेत. चौकोन जोडण्याआधी सगळे एकाच मापाचे आहेत का ते रचून पाहावे, कारण अर्ध्या सेमीचा फरकही जोडत जाताना वाढत जातो. अस्तराविषयी प्रश्न १४ पाहावा.

११. पट्टा काही दिवसांतच ताणून लांब होतो. काय करावे?

माझ्या पहिल्या पिशवीचा पट्टा महिन्याभरात इतका वाढला, की कमरेशी असलेली पिशवी चालताना मांडीवर आपटू लागली. कारण नंतर कळले. पट्टा सात-आठ टाक्यांच्या आखूड ओळी उलटसुलट घालून विणला होता. अशा एक मीटर पट्ट्यात सुमारे १८० ओळी येतात, आणि वजन नेमके ओळींना एकमेकींपासून दूर ओढते. प्रत्येक ओळ अर्धा मिलिमीटर जरी उघडली, तरी पट्टा ९ सेमी वाढतो.

म्हणून पट्टा लांबीच्या दिशेने विणावा. १६१ साखळ्या घालून १६० मुक्या खांबांची ओळ घ्यावी आणि अशा सात ओळी विणाव्यात. सुमारे १०० × ४ सेमी पट्टा तयार होतो. येथे वजन ओळींच्या दिशेने पडते आणि सुरुवातीची साखळी दोरीसारखी ताण धरते. त्यानंतर दोन्ही लांब कडांवर बारीक सुईने स्लिप स्टिचची एक ओळ घ्यावी. ती ताण आणखी रोखते आणि कड गुंडाळली जाण्याचेही थांबवते.

एवढे करूनही क्रोशाचा पट्टा ताणतोच, फक्त कमी. पिशवीत रोज एक किलोच्या पुढे वजन असेल तर पट्ट्याच्या मागच्या बाजूला न ताणणारी नवार किंवा जाड सुती फीत शिवावी. फीत पट्ट्यापेक्षा थोडी अरुंद असावी, म्हणजे समोरून दिसत नाही. शिवताना क्रोशा फितीवर सैल ठेवावा आणि फीत ओढून धरू नये, नाहीतर सगळा पट्टा चुण्या पडून आखडतो. फितीची टोके पट्ट्याबरोबर पिशवीच्या आत उतरली पाहिजेत. नुसतीच क्रोशावर संपवलेली फीत काही उपयोगाची नाही, कारण मग ओझे शेवटी टाक्यांवरच येते.

१२. पट्ट्याची लांबी कशी ठरवावी?

विणलेल्या पिशवीत रोजचे सामान भरावे, तिला नाडी बांधून आरशासमोर खांद्याला अडकवावे आणि सोयीची उंची सापडली की नाडी मोजावी. एकाच खांद्यावर, काखेत बसणारी पिशवी साधारण ६० ते ७० सेमी पट्टा घेते, तर आडवी, गळ्यातून घालायची पिशवी ११० ते १३० सेमी. फीत लावणार असाल तर मोजलेले माप तसेच घ्यावे. फीत नसेल तर पट्ट्याचा २० सेमीचा नमुना विणून त्याला एक किलो वजन रात्रभर टांगावे आणि सकाळी मोजावे. जितका वाढला, त्याच प्रमाणात मूळ लांबी कमी करावी. वरील दोन्ही मापांत शिवणीसाठी प्रत्येक टोकाला ५ सेमी वेगळे धरावेत.

१३. पट्टा पिशवीला कोठे आणि कसा जोडावा?

पिशवी सपाट ठेवून तळाच्या रेषेशी जुळवून दोन्ही बाजूंचे मध्य नव्याने शोधावेत. दोन मध्यांमध्ये दोन्हीकडून ५५ टाके येतात हे पडताळावे. पट्ट्याची टोके काठावर टेकवून न शिवता ४–५ सेमी आत उतरवावीत, चारही बाजूंनी हातटीप घालावी आणि चौकोनाच्या आत फुली मारावी. जाड, मजबूत शिलाई दोरा दुहेरी घ्यावा. शिवण्याआधी पट्ट्याला पीळ पडलेला नाही ना, हे पिशवी खांद्याला लावून पाहावे. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण पीळ पडलेला पट्टा पक्का शिवून झाल्यावर लिहिलेली पत्रे पुष्कळ येतात.

१४. अस्तर लावलेच पाहिजे का? माझ्याकडे शिवणयंत्र नाही.

बाजारहाटाच्या, फळे-भाज्या ठेवायच्या पिशवीला नसले तरी चालते. ज्या पिशवीत फोन, पेन, किल्ल्या आणि नाणी रोज राहतात तिला हवेच. पेनचे टोक टाक्यातून बाहेर येणे हा त्यातला लहान त्रास. खरे कारण म्हणजे मागावर विणलेले कापड क्रोशासारखे ताणले जात नाही आणि ओझे स्वतःवर घेते. त्यासाठी अस्तर पिशवीपेक्षा किंचित लहान असले पाहिजे. पिशवीएवढे किंवा तिच्याहून मोठे अस्तर आत नुसते लोंबते, आणि वजन पुन्हा टाक्यांवर पडते. हाताने शिवणे पूर्ण शक्य आहे.

घट्ट विणीचे सुती कापड घेऊन आधी धुऊन, वाळवून इस्त्री करावी, म्हणजे नंतर आटत नाही. आपल्या पिशवीसाठी ३६ सेमी रुंद आणि ३८ सेमी उंच असे दोन तुकडे कापावेत. दोन्ही बाजूंना आणि खाली १.५ सेमी शिवण धरून हातटीप घालावी. रुंदी ३३ सेमी उरते, म्हणजे पिशवीपेक्षा एक कमी. खालचे दोन्ही कोपरे असे उघडावेत की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर येईल, आणि टोकापासून तयार झालेल्या त्रिकोणावर ७ सेमी लांबीची आडवी शिवण घालावी; तळाला खोली येते. वरची कड २ सेमी आत दुमडावी. खिसा, चुंबकी बटण जे काही लावायचे ते याच टप्प्यावर लावावे. नंतर अस्तर आत बसवून चार ठिकाणी टाचण्या लावाव्यात आणि शेवटच्या फेरीच्या खाली, टाक्यांच्या मागच्या कड्यांतून दोरा नेत, तुरपाईचे जवळजवळ टाके घालावेत. पट्ट्याची टोके अस्तर आणि क्रोशा यांच्यामध्ये झाकली जातात, म्हणून पट्टा अस्तराच्या आधी शिवावा.

१५. तळ मधोमध खाली लोंबतो. त्याला आधार कसा द्यावा?

विणायच्या आधीच ठरवले असेल तर तळ दोन पदरी दोऱ्याने आणि एक माप जाड सुईने विणावा; मात्र टाके आणि माप बदलतात, म्हणून त्याचा वेगळा नमुना तुकडा घ्यावा. पिशवी तयार असेल तर जाड, न मोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचा तळापेक्षा अर्धा सेमी लहान तुकडा कापून, कोपरे गोल करून, कापडाच्या खोळीत घालून आत ठेवावा. पुठ्ठा वापरू नये. पहिल्या ओल्या छत्रीबरोबर तो संपतो.

१६. झिप लावावी की चुंबकी बटण?

गर्दीतून प्रवास असेल तर झिप. ती आधी अस्तराला शिवावी आणि मग अस्तर पिशवीला. थेट क्रोशावर शिवलेली झिप लाटांसारखी उठते. इतर वेळी चुंबकी बटण सोपे पडते. त्याचे पाय अस्तरातून काढून मागे जाड कापडाचा तुकडा ठेवूनच वळवावेत, अन्यथा उघडबंद करताना कापड फाटते. काळी चुंबकी पट्टी असलेली कार्डे बटणाला चिकटून ठेवू नयेत, त्यांच्यावरची नोंद बिघडू शकते.

१७. दोरा मध्येच संपला तर गाठ मारावी का? सुती दोऱ्याची टोके पुन्हा पुन्हा बाहेर येतात.

गाठ नको, ती वजनाखाली सुटते किंवा समोरच्या बाजूला डोकावते. जुन्या दोऱ्याने मुका खांब अर्धा विणून, सुईवर दोन फास असताना नवा दोरा ओढून टाका पूर्ण करावा. दोन्ही टोके किमान ८–१० सेमी ठेवावीत आणि मोठ्या नाकाच्या सुईने एकदा पुढे, मग उलट मागे, मग वरच्या ओळीतून अशी तीन दिशांनी ओवावीत. एकाच दिशेने ओवलेले गुळगुळीत सुती टोक पहिल्याच धुण्यात बाहेर येते. गुंड्यातच तयार गाठ आढळली तर तीही कापून याच पद्धतीने जोड घ्यावा.

१८. पिशवी धुवावी कशी?

प्रथम ओले पांढरे फडके गडद भागावर दाबून रंग लागतो का ते पाहावे. लागत असेल तर वेगवेगळ्या रंगांची पिशवी भिजत ठेवू नये. एरवी थंड पाणी, सौम्य साबण आणि हलका हात. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि आकार नीट करून सपाट वाळवावी. ओली पिशवी पट्ट्याने दोरीवर टांगणे म्हणजे तिला स्वतःच्या पाण्याच्या वजनाने ताणणे होय. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावू नये, वीण कायमची मऊ होऊन लोळागोळा होते.

१९. मी डावखुरी आहे. नमुना उलटा करावा लागेल का?

लिहिलेला नमुना तसाच चालतो. टाके उजवीकडे न सरकता डावीकडे सरकतील आणि रंगीत आकृती आरशातल्यासारखी उलटी येईल. अक्षरे विणायची असतील तरच आलेख उलटा करून घ्यावा.

२०. या पिशवीतून लॅपटॉप नेता येईल का?

नुसत्या क्रोशाच्या पट्ट्यावर नेऊ नये. नवार लावलेला पट्टा, घट्ट अस्तर, आणि नवारीची पट्टी पट्ट्यापासून अस्तराच्या तळाखालून जाऊन दुसऱ्या बाजूने वर येईल अशी अखंड शिवलेली असेल, तर नेता येईल. तेव्हा सगळे वजन नवारीवर असते. धक्क्यापासून संरक्षणासाठी लॅपटॉपची वेगळी मऊ खोळ लागेलच.

२१. पूर्ण व्हायला किती वेळ लागतो? माझे मनगट लवकर दुखते.

तळाचे ५७०, भिंतीचे सुमारे ६४०० आणि पट्ट्याचे ११२० असे मिळून ८००० च्या आसपास टाके होतात. मिनिटाला १२ टाके या गतीने नुसते विणणेच ११ तासांहून अधिक आहे. जोडणी आणि अस्तर वेगळे. दाट वीण हातावर ताण देते, म्हणून दर २०–३० मिनिटांनी सुई खाली ठेवावी, जाड मुठीची सुई वापरावी आणि विणलेला भाग मांडीवर किंवा टेबलावर टेकवावा, हातात लोंबता ठेवू नये. थांबूनही दुखत राहिले तर विणणे बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

२२. विणून, वापरून झालेली पिशवी लोंबून लांब झाली आहे. उसवावीच लागेल का?

पूर्ण नाही. क्रोशा शेवटच्या टोकापासून सरळ उसवतो, आणि पिशवीत ते टोक वरच्या काठाला असते. पट्टा सोडवून वरच्या जितक्या फेऱ्या जास्त झाल्या तितक्या उसवाव्यात, काठाला बारीक सुईने स्लिप स्टिचची एक फेरी घ्यावी म्हणजे सैल झालेले तोंड आवळते, आणि मग आखूड अस्तर लावावे. अस्तर न लावता नुसती उंची कमी केली तर काही महिन्यांत पुन्हा तेच होईल. गरम पाण्यात टाकून आटवण्याचा उपाय भरवशाचा नाही. पिशवी सगळीकडून सारखी आटत नाही आणि रंग जाण्याची शक्यता वेगळीच.

२३. एका ठिकाणी टाका तुटून भोक पडले आहे. ते वाढत जाईल का?

हाताने विणलेल्या स्वेटरमध्ये तुटलेला टाका खालपर्यंत धावत जातो. क्रोशात प्रत्येक टाका स्वतःपुरता बंद केलेला असल्याने तसे होत नाही, पण शेजारचे दोन-तीन टाके हळूहळू सैल होतात. सुटलेले फास लगेच सेफ्टी पिनेत अडकवावेत. उरलेल्या दोऱ्याचा ३० सेमी तुकडा मोठ्या नाकाच्या सुईत ओवून, बाजूच्या चांगल्या टाक्यातून दोरा कसा गेला आहे ते पाहत, तोच मार्ग भोकावर गिरवावा आणि टोके प्रश्न १७ प्रमाणे ओवावीत. यासाठी पिशवी पूर्ण झाल्यावर त्याच लॉटचा थोडा दोरा अस्तराच्या खिशात राहू द्यावा. तो पिशवीबरोबरच धुतला जातो आणि तिच्याइतकाच फिका होतो, त्यामुळे दुरुस्ती डोळ्यांत भरत नाही.